पोल्ट्रीतला निळा पैसा

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता फायलींतच राहिल्या. तो निळा पैसा मात्र आठवला की मी अजून एकटाच हसतो. बायको विचारते, काय झालं? मी सांगतो, माझीच फजिती आठवली.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. गुजरात सीमेजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तांब्याची 'चमत्कारी' नाणी विकून लोकांना गंडवणारी टोळी फिरते आहे, अशी कुजबुज तेव्हा होती. अशात विसरवाडीला हायवेवर चहा विकणाऱ्या आमच्या खबऱ्याचा सकाळीच फोन आला. "साहेब, एक माणूस निळा पैसा लिसन दुकाने दुकाने फिरी ऱ्हायना." म्हणजे कुणीतरी निळा पैसा घेऊन दुकानोदुकान फिरत होतं.

तांबं काळं पडतं, हिरवं पडतं. निळं पडलेलं मी पाहिलं नव्हतं. तडक गाडी काढली. भांड्यांच्या एका दुकानात तो सापडला. पन्नाशीचा, सातपुड्यातला, हातात भोक पाडलेला जुना पैसा आणि त्याचा रंग चक्क मोरचुदासारखा. दुकानदार शेठजी म्हणाले, हा विकायला आलेला नाही, उलट असाच दुसरा पैसा विकत मागतो आहे. झालं, माल जमवतोय असं ठरवून मी त्याला ठाण्यात आणला आणि स्टेशन डायरीत नोंद केली.

चौकशीत तो तोंडच उघडेना. खोटं बोलणारा माणूस उत्तर तयार ठेवून येतो. याच्याकडे एकही उत्तर तयार नव्हतं. तिथे मी जरा सावध झालो. डोंगरातलीच आमची एक महिला शिपाई होती. तिने त्याला चहा दिला, त्यांच्या पावरी बोलीत विचारलं, आणि तो हळूहळू बोलू लागला.

पैसा आजोबांचा. घरातला जो कामासाठी डोंगरातून खाली उतरेल त्याने तो कमरेला बांधायचा, आणि मुलीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायचा, अशी त्यांच्या घराची रीत. तो घासायचा नाही, फक्त मोहाच्या बियांच्या तेलाने पुसायचा. हा चार महिने नवापूरला पोल्ट्रीत कामाला होता. अंघोळीत हरवेल म्हणून पैसा कमरेचा सोडून त्याने शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवला होता. मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं म्हणून निघताना नीट पाहिला, तर निळा. पूर्वी एकदा घरची बकरी विकून तो दारू प्यायला होता, त्यामुळे घरी त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. खरा पैसा विकून पोरीच्या गळ्यात भलताच बांधतोय, असंच आई म्हणणार. म्हणून तो तसाच दुसरा, निळा न पडलेला पैसा शोधत होता. आईला फसवणार होतो, एवढं बोलून तो रडला.

मला निम्मंच पटलं. मी शिपाई पोरीला घेऊन पोल्ट्रीवर गेलो. शेडमध्ये शिरताच वासाने डोळ्यांतून पाणी आलं. खिळा होता, पण खिळा काय बोलणार? मी मागे वळलो तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, वर बघा. त्या वायरीचा रंग बघा."

पंख्याच्या वायरीची सोललेली टोकं अगदी तशीच निळी होती. पोल्ट्रीच्या डॉक्टरांनी खुलासा केला. कोंबड्यांची विष्ठा ओलसर राहिली की अमोनिया सुटतो. त्यात कमरेच्या घामाचं मीठ पैशाला लागलेलं, मग तांबं असा रंग धरतं. मला इतका आनंद झाला की त्या कोंबड्यांच्या कलकलाटात मी मोठ्याने हसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी देता देता वाचलो होतो.

ठाण्यात परतलो तर त्याची म्हातारी आई आणि लग्नाची मुलगी जीपने येऊन थांबलेल्या. पोराला पोलिसांनी धरलं ही बातमी डोंगरात आमच्या वायरलेसपेक्षा लवकर पोचली होती. मी पैसा आजीच्या हातावर ठेवला. तिने रंगाकडे पाहिलंही नाही. भोकाशेजारी तिच्या सासऱ्याच्या सुरीची एक खाच होती, ती अंगठ्याच्या नखाने चाचपली आणि मान हलवली. मुलाच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

मग शिपाई पोरीने कोंबड्यांची सगळी हकिगत सांगितली. मी उत्साहाने म्हणालो, चिंच आणा, घटकाभरात लाल करून देतो. आजीने मूठ घट्ट मिटली आणि काहीतरी बोलली. आमची शिपाई हसत सांगू लागली, "आजी म्हणते, राहू द्या साहेब. माझा पोरगा चार महिने दारूवर नाही, कामावर होता, त्याचा हा पुरावा आहे."

तीस वर्षं मी पुरावे गोळा केले. जो गुन्ह्याचा म्हणून मी जप्त करायला निघालो होतो, तोच त्या माउलीने मुलाच्या इमानाचा म्हणून घरी नेला. तेव्हापासून वस्तू कुठून आणली हे विचारण्याआधी ती इतके दिवस कुठे होती, हे मी विचारू लागलो.

लग्नाला मी गेलो. पोरगी निळा पैसा गळ्यात घालून ढोलावर नाचत होती. वराकडच्या कुणीतरी विचारलं, हा असा का? ठाण्यात तोंड न उघडणारा तो बाप पुढे झाला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागला. त्या दिवशी त्याच्याकडे उत्तर तयार होतं.