चौथ्या सत्रात मी जे बोललो

एका मंगळवारी दुपारी माझी बायको हॉस्पिटलमध्ये वारली. मी पलंगाशेजारी बसलो होतो. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. ती वर आली तेव्हा नर्सने पडदा ओढून घेतला होता.

त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, बायको माझ्याशी बोलली होती. मास्क बाजूला करून, थांबत थांबत. "अहो, पोरीचं एम.एस्सी. पूर्ण होऊ द्या. लग्नाची घाई करू नका. अक्का मागे लागतील. तुम्ही त्यांच्यापुढे गप्प बसता. या वेळी बसू नका." मी हो म्हणालो. तिने मास्क परत लावला.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सायखेड्याला असते. आमची आई लवकर गेली, तेव्हा अक्काने सातवीत शाळा सोडली आणि मला वाढवलं. मी शिकलो, नाशिकला आलो, कॉलेजात ग्रंथपाल झालो. तिच्यासमोर तोंड उघडायची सवय मला लागली नाही ती नाहीच.

तेराव्याची माणसं पांगल्यावर तिने विषय काढला. घरात माणूस गेलं की लग्नाचं मूल वर्षाच्या आत उजवायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्यात रीत आहे. मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती.

"तीन वर्षांनी पंचवीसची व्हईल. मंग कोण करील? आई नाय, आन् बाप पुस्तकात," अक्का म्हणाली. तिच्याकडे नांदगावचं स्थळ तयारच होतं. खताबियाण्यांचं दुकान, एकुलता एक मुलगा, घरी सासू-सासरे.

मुलीने आत्याला तोंडावर नाही म्हणून सांगितलं. मला तिने काही विचारलं नाही. त्या दिवसांत आम्ही दोघं फार बोलत नव्हतो. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "पप्पा, मी एक ऑनलाइन समुपदेशक बघितल्यात. पुण्याच्या आहेत. कुटुंबांबरोबर काम करतात. आपण दोघं बसू या का? आपल्याला मध्ये कुणीतरी लागणार आहे."

जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप ठेवला, शेजारी शेजारी दोन खुर्च्या. पडद्यावरच्या बाई चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी विचारलं, घरात आईबद्दल शेवटचं कधी बोललात? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "आम्ही गॅस आला का, दूध आणलं का, एवढंच बोलतो." तिसऱ्या सत्रात ती रडली. मी टेबलावरचा हात तिच्या हाताकडे नेला आणि अर्ध्यात थांबवला. पण त्या संध्याकाळी तिने पोहे केले आणि आम्ही एकाच खोलीत बसून खाल्ले. आई पोह्यांत साखर जास्त घालायची, असं ती म्हणाली आणि मी हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदा.

चौथ्या सत्राच्या आदल्या दिवशी अक्का राहायला आली. लॅपटॉपचं कळल्यावर आधी तिने तोंडाला पदर लावला. "रडायला पण आता मोबाईलवर बाई लागती व्हय?" मग तिला दुसरं सुचलं. "ती बाई शिकलेली हाय ना? तिलाच सांगू दे पोरीला. आपलं नाय ऐकत, तिचं ऐकल. मी बसते उद्या." ते सत्र मुलीने आमच्या दोघांसाठी मागितलं होतं, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, बस.

तिसरी खुर्ची अक्काने आमच्या दोघांच्या मध्ये ओढली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो.

"आधी मला एक सांगा," अक्का पडद्याला म्हणाली, "तुमचं लग्न झालंय का?"

"हो, झालंय," बाई हसल्या.

"मंग झालं. तुम्हीच सांगा हिला, लग्नानं काय मरत नाय माणूस."

"आत्या, मी मरते असं कुठे म्हणाले? मी शिकते म्हणाले."

"शिक की. नांदगावला काय पुस्तकं चालत नाय? तिथं बी दुकानात वह्या मिळत्यात."

बाईंनी तिला शांतपणे थांबवलं. मुलीला काय हवं ते विचारलं, तिने सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आणि बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

अक्का माझ्याकडे बघत होती. मुलगी पडद्याकडे बघत होती, पण पडद्यावरच्या छोट्या चौकटीत तिला मी दिसत होतो.

मी म्हणालो, "तिच्या आईची इच्छा होती. जायच्या आधी मला म्हणाली, पोरीचं लग्न लवकर उरका."

मी हे का बोललो, यावर पुष्कळ विचार केला आहे. अक्काची भीती हे एक कारण. दुसरं लिहायला मला दोन वर्षं लागली. मुलगी चालताना आईसारखे पाय घासायची. स्वयंपाकघरातून तो आवाज आला की माझी मान वळायची आणि दारात मुलगी उभी असायची. मला ती घरात नको झाली होती.

"आई असं म्हणाली?" मुलीने विचारलं.

"हो."

"कधी?"

"रविवारी."

"तुम्हाला नीट आठवतंय, पप्पा?"

"हो."

बाई म्हणाल्या, हे सांगणं तुम्हाला सोपं गेलं नसणार. मुलीने पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक आहे. करा." अक्काने तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

बायको गेल्यापासून दहाव्या महिन्यात लग्न झालं. परीक्षेचा अर्ज भरायचं सासरी दोनदा निघालं आणि दोनदा राहिलं. दिवाळीला ती जावयाबरोबर आली, पाहुण्यासारखी बसली, आणि जाताना माझ्या पाया पडली.

दुसऱ्या वर्षी मला राहवेना. मी त्याच बाईंना लिहिलं आणि मुलीला विनवून एक सत्र ठरवलं. ती नांदगावच्या स्वयंपाकघरातून बोलत होती. फोन बहुधा मिसळणाच्या डब्याला टेकवला होता. मागे कुकर होता.

मी सांगून टाकलं. "तुझी आई तसं म्हणाली नव्हती. घाई करू नका, असं म्हणाली होती."

तिने हात लांब करून गॅस बारीक केला. "माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"आईनेच. शनिवारी, तुमच्या आधी एक दिवस. म्हणाली, मी पप्पांशी बोलणार आहे, पण ते कच खातील. तू ठाम राहा."

"मग तू हो का म्हणालीस?"

"मी तुम्हाला तीन वेळा विचारलं, पप्पा. तिन्ही वेळा तुम्ही तेच सांगितलंत. कधी म्हणाली विचारलं, तर वार पण सांगितलात." तिचा आवाज चढला नव्हता. "आई जाऊन चार महिने झाले होते आणि तुम्ही तिच्या तोंडी खोटं घातलंत. आत्याशी मी भांडले असते. तुमच्याबरोबर त्या घरात राहायचं कसं, ते मला कळेना. मग म्हटलं, नांदगाव तर नांदगाव."

बाईंनी मध्ये काहीतरी विचारलं. मुलगी त्यांना म्हणाली, "मॅडम, एक मिनिट." मग मला म्हणाली, "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून हे ठेवलंत ना? वाटलं का?"

निदान तेव्हा तरी मी खोटं बोललो नाही. म्हणालो, "थोडं."

"चला. एकाला तरी वाटलं." मागून तिला कुणीतरी हाक मारली. "आले, आई," असं ती सासूला म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. तिला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं जावयाच्या फोनवरून आलं. मी गेलो, बाळाला मांडीवर घेतलं, जेवलो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परतलो. ती माझ्याशी नीट बोलली, सगळ्या पाहुण्यांशी बोलत होती तशी. एम.एस्सी. अर्धवट आहे. अक्का फोनवर म्हणते की पोरीचं सोनं झालं, आणि मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही. घरात मी एकटा राहतो.