वनमालाच्या गाडीवर मागे

आज संकष्टी. बोरिवलीच्या देवळाकडे यायला एकही रिक्षावाला तयार होईना, तेव्हा माझ्या श्रुतिकाने मोबाईलवरून बाईक मागवली. "आई, अख्खं दहिसर हल्ली ऑफिसला असंच जातं," म्हणाली.

हेल्मेटवाल्याकडे नीट न बघताच मी एका बाजूला पाय सोडून बसले. परपुरुषाला धरायचं कसं? मोदकांचा डबा मध्ये ठेवला नि गजाननाचा धावा सुरू केला. नाक्यावर गचका बसला, तसा पुढून बाईचा आवाज आला, "वयनी, माका धरा, पडशात!"

वनमाला! मागच्या चाळीतली! मी किंचाळलेच.

देवळापाशी उतरल्या उतरल्या विचारलं, "अगं, तू मसाल्याच्या कंपनीत ना?"

"कंपनी गेली भिवंडीला. हे वारल्यापासून ह्यांची गाडी नुसती उभी होती. सकाळी ऑफिसवाल्यांना मेट्रोला सोडते."

"पुरुषांना?"

"ऑफिसात काय नुसत्या बायकाच जातात, वयनी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "श्रुतिकाचं नाव दिसलं तेव्हा रद्दच करणार होते. पण म्हटलं, संकष्टी, तुम्ही खोळंबाल. रविवार तेवढा सांभाळून घ्या."

रविवारी माझी बहीण जया भांडुपहून वनमालाच्या लेकीला, दिशाला, बघायला येणार होती, आपल्या मुलासाठी, सिद्धेशसाठी. स्थळ मीच सुचवलेलं. मुलीची आई कंपनीत आहे, हेही मीच सांगितलेलं.

देवासमोर हात जोडले, पण मन लागेना. खोटं माझ्याच तोंडून गेलं होतं. घरी येऊन जयाला फोन लावला नि सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसेल.

"बाईमाणूस असून परक्या पुरुषांना मागे बसवते? रविवारचं राहू दे, ताई."

"अगं, तुझा सिद्धेश रोज असल्याच गाडीने मेट्रोला जातो ना? एकदा बाई आली होती, झकास चालवते म्हणत होता!"

"जातो ना. बसणं वेगळं, बसवणं वेगळं."

माझ्या पाठच्या बहिणीचे हे शब्द! देवा रे!

तशीच वनमालाकडे गेले. ती दारात हेल्मेट पुसत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. हेल्मेट बाजूला ठेवलं.

"दिशाला तुम्ही सांगू नका," एवढंच म्हणाली. "रविवारची साडी इस्त्रीला द्यायला गेली आहे. आली की मीच सांगते."