हेड गॅस्केट बसवणारा मिस्त्री

वरळी कोळीवाड्यात आमच्या बोटींची इंजिनं एकच मिस्त्री उघडतो आणि गंमत म्हणजे त्याला बोट लागते. धक्क्याला बांधलेल्या बोटीत तो दिवसभर काम करील, पण दोर सुटायच्या आत खाली उतरेल.

एरवी त्याचं तोंड बंद नसतं. हेड गॅस्केट बसवताना मात्र चकार शब्द काढत नाही. गॅस्केट म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्या मधला पातळ पत्रा. तो फुटला की पाणी तेलात शिरतं आणि भर समुद्रात इंजिन बंद. हेडचे बोल्ट मधल्यापासून कडेच्यांपर्यंत, ठरलेल्या क्रमानेच, थोडे थोडे आवळावे लागतात.

परवा भरती उतरायला लागली, तसा माझा भाऊ धक्क्यावरून ओरडला, "मिस्त्री, झालं काय?"

"झालं रे!" त्याच्या तोंडून निघून गेलं आणि पाना थांबला. आपण कुठल्या बोल्टवर होतो, तेच त्याला आठवेना. त्याने सगळं पुन्हा उघडलं. एकदा दाबलेलं गॅस्केट परत वापरत नाहीत, म्हणून ते नवंकोरं फेकून दिलं.

"नीट बसलं होतं की!" भाऊ चिडला.

"तुला वाटतं. मला माहीत नाही."

दुसरं बसेपर्यंत भरती गेली आणि बोट धक्क्यालाच राहिली. पहाटे आम्ही निघालो, तर मिस्त्री आधीच बोटीत. दोर सुटला तरी उतरला नाही. जाता-येता बोटीच्या काठावरून ओकत होता आणि दर वेळी तोंड पुसून इंजिनापाशीच येऊन बसत होता.

धक्क्याला लागल्यावर भावाकडे बघून म्हणाला, "आता बसलंय."