दारावरची स्टेपनी

नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात गाडी उभी होती. आत स्ट्रेचरवर मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा, आणि मागचं दार काही केल्या उघडेना. पुढच्या सीटवरून स्ट्रेचर निघणं शक्य नव्हतं.

"ताई, दार हलतच नाय," ड्रायव्हर पवार म्हणाला. तो घामानं निथळत होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सातपूरला गाड्यांच्या एका बॉडी बिल्डिंग शॉपमध्ये सुपरवायझर होते. गाडी सुरगाण्याकडच्या एका फिरत्या दवाखान्याची, फोर व्हील ड्राइव्ह. कुणा गॅरेजवाल्यानं स्टेपनी, म्हणजे जादा चाक, थेट मागच्या दारावर बसवली होती. कच्च्या रस्त्यावर हादरे खाऊन बिजागऱ्या वाकल्या, दार खाली बसलं आणि चौकटीत रुतलं. दवाखान्याच्या डॉक्टर मोरेबाईंचा फोन आला म्हणून मी मेकॅनिक घेऊन धावत आले होते.

"आधी चाक काढा," मी म्हटलं. वजन उतरलं. मग जॅकनं दार जरासं उचललं, पहारीनं रेटा दिला आणि ते उघडलं. आजोबा आत गेले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

गाडी शॉपवर आणली. आमचे मालक इक्बालभाई म्हणाले, "दाराला लोखंडी अँगल मारा, बिजागऱ्या जाड लावा. झालं."

"भाई, दार पत्र्याचं आहे. पुन्हा खाली बसेल."

"मग टपावर टाका."

"टपावर नको," मोरेबाई म्हणाल्या. "पवार एकटेच असतात. एवढं चाक खाली कोण उतरवणार?"

"आन् गाडीखाली बांधलं तर दगड लागत्यात," पवार म्हणाला.

शेवटी चॅसिसलाच, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, पाइपचा एक आर्म जोडला. चाक त्या आर्मवर. कडी काढून आर्म फाटकासारखा बाजूला फिरवायचा, मग दार मोकळं. दारावर वजन शून्य.

धास्ती एकच. चालत्या गाडीत आर्मची कडी निघाली तर ते चाक मागच्या माणसाला उडवेल. म्हणून ट्रायलला सावळघाटात मी स्वतः मागे बसले, नजर काचेतून कडीवर. तिसऱ्या वळणावर कडी उडाली.

"थांबवा!" मी ओरडले. आर्म अर्धा बाहेर आला होता. नशीब, मागे कुणी नव्हतं.

शॉपवर आल्यावर आर्मखाली रबरी ठोकळा दाबून बसवला, म्हणजे हादरा रबर खाईल. कडीला आरपार पिन घातली, साखळीनं बांधून. पुन्हा तोच घाट. कडी जागची हलली नाही. परतीच्या वाटेवर मला चक्क झोप लागली.

पुढे एकदा पवार शॉपवर आला. मला धडकीच भरली. पण तो पेढे घेऊन आला होता. एका अडलेल्या बाईला नाशिकला आणलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या हायत, म्हणाला.

"आणि आर्म?" मला राहवेना.

"आर्म? हां, पेठजवळ पंक्चर झालं तवा चाक बदललं की. त्या बाईला उठवायचं बी काम पडलं नाय." आणि तो पुन्हा पोरीच्या जावळाबद्दल सांगू लागला.

गिऱ्हाईक येऊन भलत्याच विषयावर बोलत बसलं, की काम नीट झालं असं समजावं.