रुखवतावरची दुर्बीण

मी घराला आग लावली नव्हती, फक्त कुरडयांना लावली होती. हा फरक आमच्या सासूबाईंना आजतागायत पटलेला नाही.

त्या काळी वाशी नवी होती आणि मला नाद जुन्या दुर्बिणींचा! शिरवण्याच्या भंगारवाल्याकडून दोन नळ्यांची एक पितळी दुर्बीण आणली, तेव्हा हिने (म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी) मला दारातच अडवलं.

"अहो, आणखी एक?"

"अगं, काच तर बघ! निळसर झाक नाही, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. आणि अंगावर बाणाची खूण, म्हणजे फौजेतली!"

"हरलेल्या फौजेतली असणार. नाहीतर आपल्याकडे कशाला आली असती?"

मी दुर्लक्ष केलं. जुन्या दुर्बिणीची तब्येत तपासायची रीत असते. आधी कानाशी धरून हलवायची. खडखडली तर आतले लोलक सुटलेत. मग उलटी करून उजेडाकडे बघायचं. जाळ्या दिसल्या तर बुरशी. (मेहुणीला, म्हणजे सुमनला, बघायला आलेल्या मुलालाही मी मनातल्या मनात असाच तपासला होता. खडखड नाही, बुरशी नाही. पास!) दुर्बिणीच्या एका भिंगात मात्र बुरशी निघाली. खाडीची दमट हवा, दुसरं काय! उपाय एकच: भिंग सोडवायचं, पुसायचं आणि कडक उन्हात ठेवायचं.

पण त्या आठवड्यात उन्हावर सासूबाईंचा ताबा होता. सुमनचं लग्न तोंडावर आलेलं, आणि ते उरकायला त्या आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. रुखवतासाठी गच्चीभर जुन्या लुगड्यांवर कुरडया वाळत होत्या. पिवळ्या, गुलाबी, एक तर चक्क मोराच्या आकाराची! मुलाकडची मंडळी समोरच्याच बिल्डिंगमधली. रुखवत जरा उणं पडलं की सुमनला जन्मभर टोमणे! त्या धास्तीने सासूबाईंना घास गोड लागत नव्हता.

"जावईबापू, आम्ही दोन घास खाऊन येतो. तेवढे कावळे हाकाल?"

"आई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा!" मी म्हणालो.

त्या खाली गेल्या आणि मी दुर्बीण काढली. सोडवलेलं भिंग दोन विटांच्या फटीत, सूर्याकडे तोंड करून, लुगड्याच्या काठावर बसवलं. दुर्बिणीच्या दुसऱ्या, धड नळीतून, एक डोळा मिटून, कावळ्यांवर नजर ठेवली. कावळे कंटाळून गेले. मग पाण्याची टाकी बघितली. मग खाडी. खाडीत होडी, होडीत माणूस, माणसाच्या तोंडात विडी, विडीचा धूर! काय दुर्बीण हो! धुराचा वाससुद्धा येत होता!

दुर्बिणीतून वास येत नसतो, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला.

खाली बघतो तर काय! भिंगाने ऊन गोळा करून लुगड्याला भोक पाडलं होतं आणि जाळ मोराच्या पिसाऱ्यापर्यंत पोचला होता.

"आग! आग!"

शेजारच्या पाटीलकाकू धावत वर आल्या. इथल्याच जुन्या गावातल्या, आणि वाळवणात सासूबाईंचा उजवा हात.

"आरं, बगतोस काय? पानी वत, पानी!"

कोपऱ्यात एक झाकलेलं पातेलं होतं. उचललं आणि सगळं ओतलं. आग विझली. पण पाणी पांढरं कसं?

काकू मटकन खाली बसल्या. "आरं द्येवा! त्यो उद्याचा चीक हाय!"

गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक! म्हणजे आजच्या कुरडया मी पेटवल्या आणि उद्याच्या कुरडयांनी त्या विझवल्या. भिंगही त्यात न्हाऊन निघालं.

सासूबाई वर आल्या. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण त्या पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. "माझ्या सुमीचं रुखवत गं!"

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोलून गेलो, "आई, रडू नका. मोराच्या जागी काय ठेवायचं ते सांगा, मी देतो. काय वाट्टेल ते!"

"काय वाट्टेल ते?" मागून हिने विचारलं. (तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं!)

लग्नात रुखवताच्या मधोमध, मखमलीवर, चिंचेने घासून लखलखीत केलेली माझी दुर्बीण! शेजारी हिच्या अक्षरातली चिठ्ठी: 'ताई-भावजींकडून प्रेमाने.'

वरमाय हरखून गेली. "अगंबाई! असं रुखवत आमच्या अख्ख्या नात्यात कुणी आणलं नाही!" सासूबाई इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसल्या. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले.

नव्या साडूने माझ्यादेखत दुर्बीण उजेडाकडे धरली.

"साडूभाऊ, या भिंगाच्या कडेला पांढरं काय आहे हो?"

"दुर्मीळ असतं ते," मी म्हणालो. "सगळ्यांच्यात नसतं."

आता दर उन्हाळ्यात सासूबाई आमच्याच गच्चीवर येऊन वाळवण घालतात, आणि कावळे हाकायला अजूनही मलाच बसवतात. फक्त समोरच्या गच्चीवर साडू दुर्बीण डोळ्याला लावून उभा असतो.

"आई, निर्धास्त राहा!" तो तिकडून ओरडतो. "हातात काही दिसत नाही!"

आणि मी दोन्ही रिकामे हात वर करून दाखवतो.