दिल्ली अडीच तासांवर

नाईकबाबांना कुठल्याही गावाचं अंतर विचारलं, तर ते मैलांत सांगत नसत. "उमरखेड? बैल मधात एकदा पाणी पिते," एवढंच उत्तर मिळे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. बाबा फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यात जन्मले, शेती करता करता तांड्याचे नाईक झाले. पण चालण्याची मिजास गेली नव्हती. माझे वडील पुसदला वकिली करत. त्यांच्याकडे कामासाठी बाबा यायचे तेही पायीच. "मोटारीनं माणूस पोचते, पन वाट पायाखालून जात नाही," म्हणायचे.

पासष्टच्या लढाईनंतर तार आली. त्यांचा एकुलता मुलगा हरसिंग जखमी होऊन दिल्लीच्या लष्करी दवाखान्यात पडला होता. मी नुकताच वकील झालो होतो. वडिलांनी मला सोबत दिलं. नागपूरहून विमानानं जायचं ठरलं.

"दिल्ली अडीच तासांवर आहे, बाबा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आमच्या आज्याले अख्खा उन्हाळा लागे. मंग पोरगा जवळच हाय म्हना."

विमानात ते खिडकीला कपाळ टेकून बसले. खाली नुसते ढग. "वकीलसाहेब, गाव दिसत नाही, नदी दिसत नाही. आलो कुठं, हे कसं समजते?"

दवाखान्यात कळलं, हरसिंग आदल्या दुपारीच गेला. तेव्हा आम्ही यवतमाळला नागपूरच्या गाडीची वाट बघत उभे होतो. बाबा रडले नाहीत. चादरीवरून त्यांनी मुलाचे पाय चेपले, लांबून चालत आलेल्याचे चेपावेत तसे.

अग्नी दिल्यावर मी परतीच्या विमानाचं काढलं.

"किती वेळ लागते?"

"तेवढाच. अडीच तास."

"नको. इतक्या लवकर जाऊन त्याच्या याडीले काय सांगू? मी पोचत नाही तवर तिचा पोरगा जित्ता हाय."

याडी म्हणजे आई. आम्ही पॅसेंजरनं आलो. नागपूरला ते काही काम नसताना धर्मशाळेत राहिले. पुसदला आल्यावर एस.टी.त बसेनात, म्हणून मीही त्यांच्यासोबत चालत निघालो. दिसेल त्या झाडाखाली ते टेकत. तांडा नजरेत आला तशी त्यांची पावलं उचलेनाशी झाली.

नाईकीण दारातच बसली होती. डोळे कोरडे. ती त्यांच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, ते शेजारच्या माणसानं मला हळूच सांगितलं : "तुम्ही गेले अन् मागोमाग दुसरी तार आली. पोरगा गेला म्हणून. तुमची वाट बघत मी एकटीच रडली. आता माझ्याजवळ रडू उरलं नाही."

बाबांनी पागोटं उतरवून तिच्यापुढं ठेवलं, खाली बसले आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडले. ती जागची हलली नाही. त्यांना हातही लावला नाही.