आमच्या व्हिडिओत दुसऱ्याची जाहिरात

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमचा सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, छोटासा घरगुती ब्रँड तुम्हाला माहीत आहे. भुईगावच्या अंगणात राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घालणाऱ्या माझ्या सासूबाईंचा व्हिडिओही तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. आमच्या ऑर्डरी त्याच्यावरूनच येतात.

आज शेजारच्या काकूंनी तो व्हिडिओ सासूबाईंना कौतुकाने दाखवला. मध्येच एका मोठ्या कंपनीच्या केळ्याच्या वेफर्सची जाहिरात लागली.

"हे लोक आपल्या व्हिडिओत कसे आले गं?" त्यांनी मला विचारलं.

"आई, त्या कंपनीने ॲपला पैसे दिलेत."

"आणि ॲपने आपल्याला?"

"काहीच नाही. उलट व्हिडिओ जास्त लोकांना दिसावा म्हणून आपणच ॲपला पैसे देतो."

त्या चिडल्या नाहीत. हातातलं केळं सोलून झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "मग यापुढे माझा व्हिडिओ नको काढूस."

"अहो, पण नाताळच्या ऑर्डरी कुठून येणार?"

"ते मला माहीत नाही. पण माणसं आपण गोळा करायची आणि दुकान त्यांनी मांडायचं, हे काही बरोबर नाही."

दुपारी मी नुसत्या केळ्यांचा व्हिडिओ टाकला. पहिलीच कमेंट आली, "आजी कुठे आहेत?"

त्या जाहिरातीतला थोडासा वाटा आमच्यासारख्या ब्रँडला मिळाला असता, तर मी आईंना हक्काने पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवलं असतं. आता तसं म्हणायला तोंड नाही, आणि व्हिडिओ थांबवायची हिंमतही नाही.

ती कमेंट अजून तशीच आहे. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?